माळ्यावरच्या पोत्यातला टायर

एकनाथ, चष्मा कपाळावर आहे, शोधत बसू नकोस. आणि वाचायला घेण्याआधी गॅस बंद केलास का ते बघून ये, कारण आता आठवण करून द्यायला मी नाही. आलास? बस. पहिल्या पानापासून वाच. तू मधलं पान आधी उघडणार हे मला माहीत आहे, म्हणून पानं दोऱ्यानं शिवून घेतली आहेत आणि टाके किती ते कल्लप्पा कंपाउंडरला सांगून ठेवलं आहे.

मी, रुक्मिणी अंबादास ननवरे, वय कागदावर अठ्ठ्याहत्तर, खरं कोणाला ठाऊक, धंदा टायर तपासणे व रिमोल्ड करणे, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या मनानं सांगत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही की गोड बोलून भरीस घातलेलं नाही. गोड बोलायचे प्रयत्न झाले, ते पुढे येतील. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या गाडीचा पुढचा उजवा टायर सात वर्षांचा झालाय हेही सांगितलं. ते खाली जाऊन बघून आले, मग सही केली.

मला अक्षर येत नाही. लिहून घेतायत त्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू वैदेही कुलकर्णी, शाळेत शिकवतात. बाई चांगल्या आहेत, पण चांगल्या माणसाला दुसऱ्याचं सुधारून लिहायची खोड असते. म्हणून रोजचं लिखाण संध्याकाळी मी कल्लप्पाकडून वेगळं वाचून घेतलं. एका ठिकाणी मी "तो भामटा" म्हणाले होते, तिथं बाईंनी "ते" केलं होतं. भामटा परत घातला आहे.

कागदावरची अक्षरं सपाट असतात, बोटाला लागत नाहीत. टायरच्या बाजूवरची उठावाची असतात. अंबादासनं माझं बोट धरून तिथले आकडे मला शिकवले. शेवटचे चार महत्त्वाचे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तेवढ्या शिक्षणावर मी चाळीस वर्षं ट्रकवाल्यांना खोटं बोलताना पकडलं.

दोन गोष्टींसाठी हा कागद केला आहे. हैदराबाद नाक्यावरचं दुकान कोणाला द्यायचं, ही एक. आणि ज्या गौस शेखला मी तेवीस वर्षं माझ्या नवऱ्याचा मारेकरी म्हटलं, त्याचं काय करायचं, ही दुसरी. बाकीचं आधी उरकते.

कलम १. शुक्रवार पेठेतलं घर मुलगा एकनाथ व सूनबाई या दोघांच्या नावे. एकट्या एकनाथच्या नावे करत नाही, तो किल्ली आत ठेवून दार ओढून घेतो. दोघांच्या सहीशिवाय विकता येणार नाही. सूनबाई माझ्याशी गोड बोलते तेव्हा मला अजून धास्ती वाटते, पण सही करण्याआधी कागद वाचणारी घरात तीच आहे.

कलम २. माझ्या पाटल्या आणि पोस्टातलं जे काही असेल ते नात ओवी हिला. पाटल्या आधी सोनाराकडून तपासून घे. मी देतेय म्हणून खऱ्याच असतील असं धरून चालू नकोस.

कलम ३. पुतण्या शिवू यास काळ्या पॉलिशचा डबा व ब्रश. भामटा म्हटलं तो हाच. दुकान त्याला चालवायला द्यावं म्हणून तो दोन वर्षं माझ्यासाठी पेढे आणतोय. टायरच्या रबरात मेणासारखं काहीतरी घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि बाजू तपकिरी दिसते. दिसू द्यावी, त्यानंच तिला उन्हात भेगा पडत नाहीत. शिवू जुने टायर पॉलिश करून नवे म्हणून विकतो. बाजू चकाकली की मी आधी विचारते, काय झाकलंयस? शिवूलाही हेच विचारते. पेढे चांगले होते.

कलम ४. आता दुकानाचं. आमच्या दुकानात एक रीत होती. रिमोल्डला, म्हणजे झिजलेला तळवा नवा करून घ्यायला, आलेला टायर यंत्रावर चढवण्याआधी बाही वर करून उघडा हात आत घालायचा, डोळे मिटायचे आणि बाजू आतून पूर्ण वेढा चाचपायची. डोळ्याला फसवता येतं, तळहाताला नाही. ज्यानं तपासला त्यानं आत पिवळ्या खडूनं खूण करायची. अंबादासची उभी रेघ, त्याचा भागीदार गौस याचं वर्तुळ, माझं टिंब. ज्याची खूण, त्याची जबाबदारी.

आणि एक नियम. तळव्याला खिळा गेला तर दुरुस्त करू, बाजूला चीर गेली तर टायर भंगारात. रोजची गिऱ्हाइकंही वाद घालायची, एवढीशी चीर आहे मावशी, ठिगळ लावा की. त्यांना मी कापलेला टायर दाखवायची. खाली रिमला धरून बसणारं तारेचं कडं. दोऱ्यांचे थर या कड्याला गुंडाळून वर नेलेले, ते माथ्यावरून पलीकडच्या कड्यापर्यंत जातात. कड्यावर कडक रबराची तिकोनी पट्टी, म्हणजे पायाशी ताठपणा. त्याच्या वर मात्र बाजू मऊ ठेवलेली, रबर करंगळीएवढंही जाड नाही. मुद्दाम तशी, कारण तिला वाकायचं असतं. जमिनीला टेकली की फुगते, सुटली की सरळ होते. सोलापूरहून बार्शीला जाईपर्यंत तीसेक हजार वेळा, असं ओवीनं गणित करून सांगितलं. भार रबर उचलत नाही, आतले दोरे उचलतात. चिरेत दोन दोरे तुटले की त्यांचं ओझं शेजारच्यांवर जातं. तिथं ठिगळ लावलं तर तेवढा तुकडा वाकत नाही, त्याच्या कडेला दोरे तापत राहतात. बाहेरून काही दिसत नाही. दिसलाच तर फुगा दिसतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. अशा रेडियल टायरची बाजू तशीही थोडी फुगलेली दिसते, म्हणून फुगा ओळखायलाही हात लागतो.

हे मी चाळीस वर्षं लोकांना शिकवलं. हे लक्षात ठेवून पुढचं ऐक.

कलम ५. २००२ च्या डिसेंबरात, रमजान ईद होऊन पंधरा दिवस झाले होते, अंबादास बार्शीहून टेम्पो घेऊन येत होता. वैरागच्या अलीकडे पुढचा डावा टायर बाजूनं फुटला. टेम्पो बाभळीवर गेला. तुझा बाप दवाखान्यापर्यंतही पोचला नाही, एकनाथ, ते तुला माहीत आहे.

टायर घरी आणला शिवूनं. मी त्याला हात लावला नाही, बघितलाही नाही. शिवूनं आत बघून सांगितलं, बाजूला ठिगळ आहे आणि गौसकाकाच्या खडूचं वर्तुळ आहे. मला तेवढं पुरे झालं. तेराव्याच्या दिवशी, दारात माणसं बसलेली असताना, मी गौसला म्हणाले की माझा नवरा तू खाल्लास. तो खाली मान घालून निघून गेला. भागीदारी मोडली. त्यानं टायर उचकटायची आपली टामी आणि जॅक उचलला, दुकानातला हिस्सा मागितला नाही, आणि रस्त्यापलीकडं पत्र्याचं दुकान टाकलं. हिस्सा मागितला नाही याचा अर्थ मी असा लावला की मन खात असणार. तेवीस वर्षं समोरासमोर बसलो. माझ्याकडं आलेलं गिऱ्हाईक तिकडं जायला निघालं तर मी हाक मारून सांगायची, जीव नको झाला असेल तर जा. त्याचं अर्धं गिऱ्हाईक मी असंच तोडलं. टायर पोत्यात शिवून माळ्यावर ठेवला होता, पुरावा म्हणून.

या उन्हाळ्यात हे मृत्युपत्र करायचं ठरवलं तेव्हा पहिलं कलम गौसविरुद्धच असणार होतं. दुकान त्याला किंवा त्याच्या मुलीला कधीही विकू नये, असं. वकील म्हणाले, कारण लिहा. म्हणून ओवीकडून पोतं खाली काढून घेतलं. उसवलं. आणि सवयीनं बाही वर करून हात आत घातला, डोळे मिटून.

ठिगळ होतं. गोल. कडेनं बोट फिरवलं तर एका ठिकाणी गोलाई मोडली होती, नखाएवढी सपाट जागा. बोट तिथं थांबलं. माझ्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण पितळेचं आहे, एका बाजूला पोचा आलेलं. मी ओवीला झाकण आणायला सांगितलं. ठिगळावर ठेवलं. बरोबर बसलं.

मग सगळं आठवलं. त्या वर्षी दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. टेम्पोची स्टेपनी चिरेमुळं काढून ठेवली होती आणि तिची जागा रिकामी दिसत होती. सणाच्या दिवशी रिकामी जागा बरी दिसत नाही, म्हणून तोच टायर परत बसवायचं मी ठरवलं. पण बाजूच्या चिरेतून ट्यूब बाहेर डोकावायला लागली. हातात करंडा होता. झाकण ठेवून रबर कापलं, आतून चिकटवलं, हवा भरली, वर हळदकुंकू वाहिलं. गौस शेजारी उभा होता. त्याचं वर्तुळ त्या टायरमध्ये आधीपासून होतं, चीर पडायच्या आधीचं, तेव्हा टायर धडधाकट होता. तो म्हणाला, "वहिनी, साइडला ठिगळ?" मी म्हणाले, "पूजेपुरतं हाय. उद्या भंगारात टाकते. ह्यांस्नी सांगू नगा, उगं वरडतील."

दुसऱ्या दिवशी मी विसरले. पुढं दोन महिने विसरले. बार्शीला पंक्चर झालं असेल, अंबादासनं स्टेपनी लावली असेल. त्याला काय ठाऊक. स्टेपनी जागेवर बघून, आत गौसचं वर्तुळ असणार असं धरून त्यानं विश्वास ठेवला असेल.

शिवू खोटं बोलला नव्हता. वर्तुळ होतंच. त्यानं अर्धं सांगितलं, उरलेलं मी भरलं.

तेव्हा एकनाथ, मी तुला विसराळू म्हणते ते चालूच ठेवणार आहे, पण हे कलम तुझ्या ताब्यात आहे. आईची लाज वाटून तू हे पान फाडशील असा मला संशय आहे. म्हणून याची दुसरी प्रत समोर, गौसच्या पत्र्याच्या दुकानात ठेवली आहे.

कलम ६. ते कळलं त्याच दिवशी मी ओवीचा हात धरून रस्ता ओलांडला. गौस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याची मुलगी यास्मीन, आता दुकान तीच बघते, तिनं स्टूल दिलं. मी झाकण त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ओळखलं. मी विचारलं, "गौसभाऊ, तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग तवा तोंड का उघडलं न्हाई?"

त्यानं ट्यूब टांगली, हात पुसले. "वहिनी, अंबादास तर गेलाच होता. तुमालाबी कशाला घालवायचं?" आणि दुसरी ट्यूब पाण्यात बुडवत, "आन तुमी इचारलं कुटं? तुमी तर सांगितलं."

मी झाकण उचललं.  मी घरी आले आणि दोन दिवस मला संशय येत राहिला की तो हे चांगुलपण दाखवण्यासाठी बोलला, त्याला काहीतरी हवं असणार. सवय लवकर जात नाही. तिसऱ्या दिवशी वकिलांना बोलावलं.

म्हणून: हैदराबाद नाक्यावरचं दुकान, जागा व यंत्रासह, अर्धं गौस इमामसाब शेख यांस, त्यांच्या मागे त्यांची मुलगी यास्मीन हिला. हे मी देत नाही, परत करते. उरलेलं अर्धं नात ओवी हिला. एकनाथला दुकानात काही नाही, त्याला टायरच्या वासानं शिंका येतात.

अटी अशा. बाजूला ठिगळ लावायचं नाही, स्टेपनीला नाही, पूजेला नाही, तासाभरासाठी नाही. प्रत्येक टायर यास्मीन आणि ओवी दोघींनी तपासायचा, आत दोन खुणा पाहिजेत. एकीच्या हातावर दुसरीनं विश्वास ठेवायचा नाही, आणि त्याचा राग धरायचा नाही. माझी चूक अशी की मी सगळ्यांचे हात तपासले, माझा कोणाला तपासू दिला नाही. दसऱ्याला एखादी जागा रिकामी असेल तर तिथं हळदकुंकू वाहा, देवाला चालतं.

पिवळ्या खडूचं खोकं व कुंकवाचा करंडा दुकानात राहील. झाकण करंड्यावर नको, भिंतीला खिळ्यावर टांगा. गिऱ्हाईकानं विचारलं तर ही सगळी हकिगत सांगायची, माझ्या नावासकट. तेवीस वर्षं मी नाक्यावर ओरडून सांगितलं, आता तितकंच ओरडून उलटं सांगितलं पाहिजे, आणि माझ्यात तेवढा दम उरलेला नाही.

कलम ७. पोत्यातला टायर भंगारात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचा राहिला होता.

वरील सर्व मला दोनदा, दोन वेगळ्या माणसांकडून वाचून दाखवण्यात आलं. दोन्ही वेळेस सारखंच निघालं. तेव्हा खाली अंगठा करते. साक्षीदारांना या कागदातून काहीही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं. चहा मिळाला आहे.

डाव्या हाताचा अंगठा: श्रीमती रुक्मिणी अंबादास ननवरे

साक्षीदार:
१. कल्लप्पा मलकप्पा बिराजदार, निवृत्त कंपाउंडर (सही)
२. बजाबाई रामचंद्र माने, शेजारीण (सही)

लिहून घेणार: वैदेही कुलकर्णी (सही)

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

अंगठा झाल्यावर आठवलं, विसरणं आमच्या घरातच आहे. अंबादास गेला त्या सालच्या ईदला गौसच्या घरून शिरखुर्मा आला होता, तीन पुडांचा स्टीलचा डबा. रिकामा परत करायचा नसतो म्हणून भोगीला भरून पाठवणार होते, त्याआधीच सगळं झालं. डबा अजून माझ्या फडताळात आहे, त्यावर त्याच्या बायकोचं, अजीजाचं नाव कोरलेलं आहे असं ओवी म्हणते. आता भरून आणते म्हटलं तर गौस म्हणाला, "राहू द्या वहिनी. डबा तुमच्याकडं हाय तवर येनंजानं हाय म्हनायचं."

तर माझ्या तेराव्याला याच डब्यातून गौसकडं जेवण पाठवा. गोडाचं नको, त्याला साखरेचा आजार आहे. कडक भाकरी नको, त्याचे वरचे दात गेलेत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मऊ, तव्यावरून काढल्या काढल्या कापडात गुंडाळून. वांग्याचं भरीत, देठ काढून. शेंगाचटणी बारीक कुटून, तेल सढळ हातानं घालून. भाकरी वरच्या पुडात, भरीत आणि चटणी मधल्यात. खालचा तिसरा पूड पाठवू नका, आपल्याकडं ठेवून घ्या.

याखालीही अंगठा: रु. अं. ननवरे