पेरणीयंत्रामागचा नारळ

बाबा, इलिनॉयहून लांबूनच पाया पडते.

माझा आवाज का बसलाय असं आई विचारत होती, म्हणून लिहिते. मी धडधाकट आहे.

मंगळवारी आमच्या प्रयोगाच्या सोयाबीनची पेरणी होती. माती अजून गार होती. लवकर पेरल्याने पिकाचा उतारा वाढतो का, ते बघायचं होतं. तुम्ही पेरणीआधी फोडता तसा नारळ फोडावा म्हणून मी कुणाला न सांगता पेरणीयंत्रामागे जाऊन बसले. ट्रॅक्टरवरच्या डेलला मी दिसलेच नाही. त्याने यंत्र खाली सोडलं. माझ्यासोबत शिकणाऱ्या प्रसादने मला ढकललं आणि माती चिरणारी पोलादी चकती त्याच्या हातावर बसली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. फुटलेल्या नारळात रक्त साचलं होतं.

त्याची तीन बोटं गेली. साताऱ्याला त्याच्या आईला मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "तुला लागलं नाही ना, बाळा?"

आईला एवढंच सांगा, की मला सर्दी झालीय. घरच्या बियाण्याची उगवण तपासलीत का?

यंदा नारळ फोडाल, तेव्हा आधी ट्रॅक्टरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

तुमची,
हिमानी