उन्हातली पूरसुट्टी

ती. नर्मदाआत्येस,

किशोरीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ढग यायच्या आधी तो दुखतो, असं तू म्हणतेस. मी ते मानत नाही, पण दुखला की तारीख कळवत जा. कणकवलीत पाऊस आहे का? इथे आहे. सकाळी खिडकी उघडली की समोरचा माड दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो, आणि दुपारपर्यंत आपण पाण्याच्या आत राहतो की बाहेर याचा नीट उलगडा होत नाही. आई-बाबा बरे आहेत. मीही बरी आहे. तुझ्या जुन्या शाळेत, जिथे आता मी शिकवते, माझी जी शोभा झाली ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

तू मुख्याध्यापिका होतीस तेव्हापासूनचा आपला त्रास तुला माहीत आहे. अतिवृष्टीच्या सुट्टीचा आदेश जिल्ह्याहून निघतो, या फोनवरून त्या फोनवर फिरत आपल्यापर्यंत येतो, आणि तोवर पलीकडच्या वाडीतली मुलं ओढ्यावरचा साकव ओलांडून वर्गात ओली बसलेली असतात. घरी पाठवावीत तर साकवावरून पाणी. आदेश आलाच नाही तर निर्णय परशुराम सरांचा. (सर आता तुझ्या खुर्चीत आहेत. त्यांचं घर वर सड्याच्या कातळावर, तिथे पाणी थांबत नाही. ते स्वतःच्या अंगणात बघतात आणि विचारतात, "खंय आसा पाऊस?") गेल्या वर्षी अशीच मुलं अडकली. पलीकडच्या काठावर कायतान छत्री धरून उभा, अलीकडे त्याची ॲश्लिन माझा हात धरून, आणि मध्ये लाल पाणी, झोपेत चालल्यासारखं, आवाज न करता. ती बापाला हात हलवत होती, जणू बोट सुटली आहे आणि ती आगबोटीच्या कठड्याशी उभी आहे. दृश्य सुंदर होतं. मला ते पुन्हा बघायचं नाही.

म्हणून मी साकवाखाली यंत्र बसवलं. ते खालच्या पाण्यापर्यंतचं अंतर मोजतं. अंतर फार कमी झालं की पालकांच्या फोनवर आपोआप निरोप जातो: पाणी चढलं आहे, आज शाळेला सुट्टी, मुलांना पाठवू नका. सरांनी परवानगी दिली ती अट घालून. एकदा जरी चुकलं तर यंत्र काढायचं आणि पुन्हा त्यांचं अंगण प्रमाण. जूनभर ते चुकलं नाही. (कुणी शाबासकी दिली नाही. यंत्र बरोबर चाललं की ते आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.)

आणि मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं, आणि सगळ्यांच्या फोनवर पूर आला.

मी धावत निघाले, पण वाटेत माझा वेग कमी झाला, हे कबूल करते. मळ्यांमधून पाणी आरशासारखं पसरलेलं, त्यात ढग उतरलेले, आणि त्या ढगांमध्ये अख्खं गाव वाकून रोपं लावत होतं. चौथीचा वर्ग बांधावर रांगेने बसून रोपांच्या मुठी पुढे देत होता. कुणीतरी गात होतं, पण गाणं ओळखू येत नव्हतं. शाळेची घंटा झाली नाही तर सकाळ इतकी लांब असते, हे मला माहीत नव्हतं. साकवापाशी पोचले तेव्हा यंत्राच्या बरोबर खाली, यंत्रासाठी मीच ठोकलेल्या हुकाला, मासे धरायची बांबूची टोपली टांगलेली. ठिबकत होती. बाजूला आपले बाबूकाका विडी ओढत बसलेले.

"ही टोपली तुमची?"

"माजी. सुकत घातलंय. तुझो हुक बरो मजबूत आसा गो."

"यंत्राला वाटलं, पाणी चढलं. तुम्ही शाळेला सुट्टी दिलीत, काका."

"आदी सांगूचा नाय गो? रोज सुकत घातलंय असतंय!"

काल पालकसभा झाली. मी आकृती काढून नेली होती. (कुणी बघितली नाही.) सर उभे राहून म्हणाले, यंत्र चुकलं, काढून टाकू. मी म्हटलं, यंत्र चुकलं नाही, समोर आलं ते त्याने मोजलं. तेवढ्यात सुशीलावहिनी उठल्या. "सर, यंत्र काढूचा नाय. नी टोपलीय काढूची नाय. लावणी होयपर्यंत दोनय रवांदेत." मागून कुणी म्हणालं, गणपतीपर्यंत. आणखी कुणी म्हणालं, मगे कापणी आसाच. मी विचारलं, रोज पूर सांगणाऱ्या यंत्राचं खऱ्या पुरात कोण ऐकणार? फक्त कायतान उठला. "माज्या चेडवाक कोण सांगतलो मगे, खरा पाणी खंयचा नी टोपलीचा खंयचा?" मग सरांनी विचारलं, तर टोपली राहू दे? आणि सगळी सभा देवळात गाऱ्हाण्याला म्हणतात तशी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" (सर सड्यावर राहतात, पण त्यांचं शेत खालीच आहे.)

तर यंत्र वाचलं. मी जिंकले असं लोक सांगतात.

गुडघ्याला जप. थोरांना नमस्कार, आणि लहानांना सांग की सुट्टी मागायला माझ्याकडे येऊ नये.

तुझी,
किशोरी

ता. क. फोनवर तुझा आवाज ऐकला की परशुराम सर अजूनही खुर्चीतून उठतात. त्यांना एवढंच सांग की टोपली काढा, आणि कापणीपर्यंत पुन्हा लावू देऊ नका. माझं ते ऐकणार नाहीत. ॲश्लिनने निरोपावर विश्वास ठेवला पाहिजे, बाकी मला काही नको.

आणखी ता. क. फोन लगेच करू नकोस. आमची खालची भाताची मळी अजून लावायची आहे, आणि आईला हात कमी पडतात. पुढच्या आठवड्यात कर. तोवर शाळा बंदच असल्याने मुलं साकवावर येत नाहीत, म्हणजे धोका नाही. हे मी तपासून लिहिते आहे.