साहेबांच्या पंपाची रिंग

अहो,

हुसेनभाईंचा निरोप आहे तुम्हाला. सूक वाकिफ बाजारातले, हार्डवेअरवाले. "मॅडम, साब को बोलना, पंप का रिंग दुबई से आ गया," म्हणाले. मी "बोलूंगी" म्हणून मोकळी झाले. आता कबूल केलंय तर सांगायला नको? म्हणून हे पत्र.

तुम्हाला जाऊन पाच महिने होत आले. त्यांना ते ठाऊक नाही आणि माझ्याच्याने सांगवलं नाही. वर विचारतात, "साब आजकल दिखता नहीं. पंप चालू हुआ?"

हे पंपाचं लचांड तुमचंच! पहिल्या दुकानात सरळ सांगून टाकलंत, रॉकेटच्या मोटरसाठी नळी हवीय. समुद्रापलीकडे युद्ध पेटलेलं, आणि हा चष्मेवाला इंडियन इथे रॉकेट बनवतोय म्हणे! त्या दुकानदाराने तुमच्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं आणि शटर ओढून घेतलं. तुमच्या हौशी मंडळींचा क्लब आहे, रीतसर परवानगी काढून शुक्रवारी वाळवंटात छोटी रॉकेटं सोडतात, हे बंद शटरला कोण सांगणार? तेव्हापासून प्रत्येक दुकानात आपण 'पंपासाठी हवंय' म्हणायला लागलो, आणि आपल्या घरी सगळ्या दोह्याला ठाऊक असलेला एक पंप आला.

परदेशातल्या पुरवठादारांना किती पत्रं टाकलीत! एकाने आखातात माल पाठवत नाही म्हणून कळवलं, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मग तुम्ही इथेच शोधायचं ठरवलंत. गुरुवारी संध्याकाळी इतर बायका सोन्याच्या दुकानांत, आणि मी तुमच्यामागे ॲल्युमिनियमच्या नळ्या वाजवून बघत! नळी मिळाली खिडक्या बनवणाऱ्याकडे. टोकांची टोपणं आणि आतल्या खाचा एका लेथवाल्याने करून दिल्या. रबराच्या रिंगा दिल्या त्या पंप दुरुस्त करणाऱ्याने. तो तरी खरा पंपवाला होता! एका टोकाचं टोपण बसलं. दुसऱ्या टोकाचं टोपण अडकवून धरणारी पोलादी रिंग तेवढी त्या मापाची कुठे मिळेना. हुसेनभाई म्हणाले, "मंगाता हूँ, इन्शाल्ला."

मी चिडून विचारलं होतं, एकदा वापरायच्या तयार मोटरी मिळतात ना तुमच्या क्लबात, मग हा आटापिटा कशाला? तुम्ही म्हणालात, "त्या जळल्या की खलास, कुमुद. ही परत येते. आतला मसाला जळतो, नळी शाबूत राहते. रिंग काढायची, धुवायची, पुन्हा भरायची."

परत येणाऱ्या वस्तूचा इतका सोस, आणि तुम्ही मात्र एका दुपारी ऑफिसच्या टेबलावर डोकं टेकलंत ते टेकलंतच. डबासुद्धा न उघडता! शेपूची भाजी होती, तुम्हाला आवडते म्हणून मुद्दाम दिलेली. तो भरलेला डबा घरी आला तेव्हा मला तुमचा किती राग आला होता, सांगू?

तुम्ही अर्धवट ठेवलेली नळी गॅलरीच्या खिडकीतच राहिली. आणि तुमच्यानंतर पहिल्यांदा शमाल वारा सुटला त्या दुपारी मी भांडी घासत असताना गॅलरीतून तुमची शीळ ऐकू आली. तीच, काम करताना दातांतून घालायचात ती, खालच्या सुरातली. मी हात न पुसता दोन कप चहा टाकला. उकळी आल्यावर भानावर आले.

वारा नळीच्या उघड्या तोंडावरून जातो, म्हणून वाजते. मला कळतं हो! मृणालही म्हणते, "आई, इट्स जस्ट द विंड." पण ती म्हणते ते दारात उभं राहून. वारा असला की गॅलरीत पाऊल टाकत नाही तुमची लेक. आणि मी? मी खिडकी लावूनच घेत नाही. घरभर वाळू होते, होऊ दे. कपड्यांच्या घड्या घालताना तुमच्याशी बोलते. तुम्ही मधूनमधून शीळ घालता.

आता मृणालची परीक्षा झाली की कंपनीला फ्लॅट परत द्यायचा आणि आम्ही नाशिकला. तुमच्या क्लबातला डेव्हिड येऊन गेला. म्हणाला, नळी पुरी झाली तर आमच्या इथल्या शेवटच्या शुक्रवारी रॉकेटात बसवून तुमच्या नावाने उडवू. नळी पुरी करायची म्हणजे तोंड बंद करायचं. तुमची शीळ मी आपल्या हाताने बंद करायची! मी त्याला म्हटलं, रिंगच नाही. खोटं नव्हतं ते. किती बरं वाटलं होतं मला, ती रिंग मिळत नाही याचं.

आणि हुसेनभाईंनी ती हातावर ठेवली.

आज दुपारी बसवली. आधी टोपण आत घातलं, मग तुमची ती टोकदार पक्कड घेतली, रिंग आवळून आत सरकवली आणि ती खाचेत टक् करून बसली. बाहेर शमाल चालूच होता. पडदा फडफडत होता, वाळू येत होती, आणि नळी गप्प. इतके महिने लोक भेटायला येत होते, रडत होते, पण तुम्ही गेलात हे मला आज कळलं. मी जमिनीवर बसून मोठ्याने रडले. मृणाल गॅलरीत आली, कितीतरी दिवसांनी, आणि माझ्याजवळ बसली.

रॉकेट सुटलं की सगळे आ वासून वर बघायचे. मीसुद्धा. एकदा तसंच एक हरवलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "वर बघणारे पुष्कळ आहेत. तू खाली येताना बघ."

तर ऐका. शुक्रवारी मी खाली येतानाच बघणार आहे. डोळ्यांत वाळू जाऊ दे, पाणी येऊ दे, नजर हलवणार नाही. कुठेही पडो, शोधून आणीन. तुम्ही सांगितलंत तशी रिंग काढीन, आतली काजळी धुईन. मग नळी नाशिकच्या खिडकीत ठेवीन, तोंड उघडं ठेवून.

तिथे असा वारा नसतो, माहीत आहे मला. तरी मी खिडकी लावणार नाही.

तुमचीच,
कुमुद