झुंबरचं बैरंग पत्र

अहो,

तुम्ही वावरातून याल तवा मी अन् मामंजी घरी नसू. युसूफभाईंच्या बैलांच्या दमणीत बसून संग्रामपूरले झुंबरच्या सासरी जाऊन राह्यलो.

आज तिचं बिनतिकिटाचं, बैरंग पत्र आलं. मी दुप्पट पैसे देऊन सोडवून घेतलं, तवा डाकवाला म्हणे, “बाई, याच्या आधीची तीन तं भाऊंनी घेतलीच नाही, परत धाडाले लावली.” अन् मी मामंजीले सांगत होती, पोरगी आपल्याले विसरली म्हणून.

तिले बाळंत होऊन पंधरा दिस झाले. ताप उतरत नाही अन् सासरचे डॉक्टरले बोलावत नाही. लिहिते, “दादा, तिकिटाले कोणी पैसे देत नाही, म्हणून बैरंग टाकते. रागावू नको.” मामंजीले वाचून दाखवलं. ते उठून जोडे शोधू लागले.

भाकरी टोपल्यात आहे, पिठलं चुलीवर. मधल्या खोलीत बाज टाकून अंथरूण करून ठेवा, तिच्यासंगं लेकरूही असंल.

आधीची तीन पत्रं तुम्ही परत धाडली, हे मामंजीले मी सांगितलं नाही. ते तुमच्याच तोंडून त्यांना कळू द्या.

गीता