ट्रॅक्टर वळवायचा हक्क

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी सातला वाघ सरांचा फोन. त्यांच्या मानाने उशीरच. "यंदाचा गेम तू कर. मला आता दिसत नाही नीट, आणि गेल्या वर्षीचा गेम पोरांना बोअर झाला. तोंडावर सांगितलं कार्ट्यांनी."
दिवाळीच्या सुट्टीत सर आठ शाळांची छोटी रोबोट स्पर्धा घेतात. मोठ्या स्पर्धा उरकलेल्या असतात, कुणाला टेन्शन नाही. बक्षीस म्हणजे एक कप आणि चिवडा. पण खेळ दरवर्षी नवा लागतो. मैदान केवढं, रोबोटने उचलायचं काय, गुण कशाचे, सगळं नव्यानं.
हो म्हणून बसले. मग सर हळूच म्हणाले, "लासलगावची शाळा पहिल्यांदाच येतेय. तिथल्या मॅडम कोण, माहितीये ना?"
माहितीये. शबनम. दहावीनंतर एक शब्द बोललेलो नाही आम्ही. सोळा वर्षं झाली.

६ ऑग.
कंपनीत दिवसभर फिक्श्चरचं ड्रॉइंग आणि डोक्यात सरांचं गॅरेज. सर स्कूटर बाहेर पावसात ठेवायचे आणि आत आमची दोन टेबलं. माझी शाळा इंग्लिश मीडियम, शबनमची उर्दू. टीम दोन, रोबोट दोन, ड्रिल मशीन एकच. त्यावरून रोज भांडण. तिच्या डब्यात अंडा-पाव, माझ्यात शेव-पोळी, पाच मिनिटांत डबे उलटसुलट. तिला माझ्या आईची शेवेची भाजी इतकी आवडायची की आई तिच्यासाठी वेगळी वाटी द्यायची.
काय दिवस होते यार. खरंच.

९ ऑग.
लिहूनच टाकते, नाहीतर हा गेम व्हायचा नाही.
दहावीतली पुण्याची स्पर्धा. बाद फेऱ्यांआधी वरच्या टीमच्या कॅप्टनने जोडीदार टीम निवडायची असते. ज्यांना कुणी घेत नाही त्यांनी सामान आवरायचं. आम्ही गॅरेजमध्ये ठरवलं होतं, जी वर येईल तिनं दुसरीला घ्यायचं. हातावर हात मारून.
मी दुसऱ्या नंबरवर आले. माइक हातात. शबनमची टीम समोरच उभी, ती हसतच होती, पाऊल पुढे टाकलेलंच होतं. आणि मी मुंबईच्या एका टीमचं नाव घेतलं. का, तर शबनमच्या रोबोटचा हात ढिला होता.
तिला कुणीच घेतलं नाही.
पुढचं आज नको.

१७ ऑग., रविवार
गेम कांद्याचा! कांदे साठवायची चाळ, त्यातून चांगला कांदा ट्रॉलीत भरायचा, सडका बाजूला काढायचा. नाशिकची पोरं, अजून काय हवं. सर खूश.
उत्साहात खरे कांदे आणले. पाच किलो. सालं सुटून चाकांत अडकली, रोबोट जागच्या जागी गरगरायला लागला, एक कांदा चाकाखाली फुटला आणि सगळं गॅरेज रडतंय. सर डोळे पुसत म्हणाले, "बाई, तू इंजिनिअर आहेस ना? मग भाजीवाल्यासारखी काय करतेस?"
उरलेल्या कांद्यांची सरांच्या घरी भजी. ती मात्र झकास झाली.
ठरलं: जुन्या मोज्यांत चिंध्या भरून कांदे. लाल मोजा चांगला, काळा मोजा सडका.

२६ ऑग., मंगळवार
रजा टाकून लासलगावला गेले. म्हटलं कांद्याचा गेम करतेस तर लिलाव तरी बघ. ट्रॅक्टरची ही लांब रांग. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॅक्टरपाशी जातो, ट्रॉलीतले चार कांदे खाली पाडतात, बघतात, बोली, पुढे. मला आवडलं ते हे की घोळका चालत जातो. प्रत्येकापाशी. रांगेतला एकही ट्रॅक्टर सोडत नाहीत. कांदा बारका असो, डागी असो, त्याच्यापाशी थांबतात आणि काहीतरी बोलतात.
तिथेच उभ्या उभ्या सुचलं. जोडीदार निवडताना असंच करायचं. टीम रांगेत उभ्या, कॅप्टन चालत प्रत्येकीपाशी जाणार. आठातल्या चार कॅप्टन, चार बाकीच्या. जोड्या सगळ्यांच्या लागणार. सामान आवरायला कुणीच नाही.
शबनमची शाळा तिथून चालत दहा मिनिटं. चहा प्याले आणि बसमध्ये बसले. भित्री कुठली.

७ सप्टें.
नियम लिहून झाले. मैदान बारा फूट बाय बारा, प्लायवूडचं. सामना दोन मिनिटं. चांगला कांदा ट्रॉलीत दोन गुण, सडका गेला तर तीन वजा. नियम नववा निवडीचा: "कॅप्टन प्रत्येक टीमपाशी जाईल. एकही टीम निवडीवाचून राहणार नाही." हे वाक्य टाइप करून तीनदा मोठ्याने वाचलं, हसू नका. (कोण हसणार, मीच वाचतेय.)
सगळ्या शाळांना व्हॉट्सॅपवर पाठवले. लासलगावलाही.

१० सप्टें.
तिचा मेसेज. सोळा वर्षांनी. ना नमस्कार, ना कशी आहेस.
"नियम ९ अर्धाच आहे. लिलाव अर्धाच बघून पळालीस वाटतं."
मी आले होते हे हिला कुणी सांगितलं? सरांनीच. दुसरं कोण.

१४ सप्टें., रविवार
चार दिवस ते वाक्य घेऊन फिरले. शेवटी फोन केला. रिंग वाजताना ठेवून द्यावासा वाटला.
"बोल."
"अर्धा म्हणजे काय गं?"
"तू व्यापारी बघितलेस. शेतकरी बघितला का? भाव पटला नाही तर तो काय करतो?"
"काय करतो?"
"ट्रॅक्टर वळवतो आणि घरी नेतो. कुणाचा जोर नाही. तुझ्या गेममध्ये शेवटी उरलेल्या टीमला कुणीतरी घेणारच, कारण दुसरं कुणी उरलंच नाही. ती घेणं झालं का? ती खैरात झाली. त्यांना नाही म्हणता येतं का, ते लिही आधी."
मागे तिच्या घरात कुकर वाजत होता.
मग म्हणाली, "बच्चियां लय मेहनत करतायत माझ्या. त्यांना कुणी दया दाखवलेली मला नाही चालणार."
आणि ठेवला. 'लय' म्हणायला लागलीये शबनम. लासलगावची होऊन गेली.

१५ सप्टें.
नियम ९, सुधारित: "विचारलेली टीम नकार देऊ शकते. कारण सांगायची गरज नाही. नकार देणारी टीम एकटी खेळेल आणि तिचे गुण दुप्पट धरले जातील." तिला पाठवला. उत्तर नुसता अंगठा. अंगठा तर अंगठा.
सरांना वाचून दाखवला. बराच वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं डुलकी लागली. "हा गेम तू एकटीने नाही केलास," म्हणाले.

१२ ऑक्टो., रविवार
सरांनी नवं खूळ काढलंय. उद्घाटनाला आमचे दोन जुने रोबोट मैदानात उतरवायचे. "पोरांना दिसू दे, आपण कशातून सुरुवात केली." माळ्यावर दोन्ही आहेत म्हणे, शेजारी शेजारी, एकाच चादरीखाली. मी चढले. धूळ, झुरळं, आणि माझा पत्र्याचा भोपळा. बघून हसूच आलं, याच्यासाठी एवढं केलं मी!
शबनमच्या रोबोटची चेन सुटून लोंबकळत होती. माझ्या रोबोटच्या चेनचं लॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी, काळं पडलेलं, माझं नव्हेच ते. माझी सगळी चेन चकचकीत होती, बाबांनी नवी आणून दिली होती.
आठवलं. विसरले नव्हतेच, पण हातात आल्यावर आठवणं वेगळं.
पुण्यात उपांत्य सामन्याआधी माझी चेन तुटली. लॉक कुठेतरी उडालं. मुंबईवाले हात वर करून मोकळे. मी जमिनीवर रांगत शोधतेय, रडतेय. तेव्हा शबनम आली. सामान आवरून निघाली होती ती. आपल्या रोबोटची चेन उघडली, लॉक काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि गेली. एक शब्द नाही.
आम्ही तो सामना हरलो. आणि मी तिला थँक यू पण म्हटलं नाही. लाज वाटत होती म्हणून. मग लाज वाटत राहिली म्हणून वर्ष गेलं. मग सोळा.

१३ ऑक्टो.
सायकलच्या दुकानातून नवं लॉक आणलं. कुणाच्या रोबोटला कुठलं लावू? नवं तिला देऊ, की तिचं तिला परत करून नवं मी घेऊ? दोन्ही चुकीचं वाटतंय. पाकीट तसंच पर्समध्ये.

२६ ऑक्टो., रविवार
शाळेच्या हॉलमध्ये मैदान मांडून ट्रायल. शबनम चार मुलींना घेऊन आली. केस पांढरे व्हायला लागलेत हिचे, माझेही. "जाडी झालीस," म्हणाली. "तू पण," म्हटलं. सर मध्ये उभे राहून उगाच खोकले.
मुली एकदम तिखट. त्यातली आयेशा नावाची कॅप्टन मला विचारते, "मॅडम, काळा मोजा कॅमेऱ्याला काळा दिसतो, पण निळ्या उजेडात लाल पण काळाच दिसतो. मग सडका कुठला?" हॉलच्या दिव्यांचा विचारच केला नव्हता मी. घ्या! शबनम गालातल्या गालात हसली. तेच हसणं, माइकसमोरचं.
सडक्या कांद्याला पांढरी पट्टी शिवायचं ठरलं. सोळा मोजे शबनम घेऊन गेली शिवायला. माफी मागायची असं ठरवून गेले होते मी. मोज्यांवर बोलत राहिलो.

१ नोव्हें., शनिवार
उद्या नऊला स्पर्धा. मैदान तयार. मोजे आले, टाके इतके बारीक की मशीनवर घातल्यासारखे.
संध्याकाळी सरांनी सगळ्या टीमना रांगेत उभं केलं, निवड कशी करायची ते दाखवायला. मला म्हणाले, "तू कॅप्टन हो. करून दाखव." शबनम तिच्या मुलींबरोबर रांगेच्या टोकाला उभी. तिच्या पायाशी आमचे दोन्ही जुने रोबोट, तिच्याची चेन अजून उघडीच.
मी चालत गेले. प्रत्येक टीमपाशी थांबत, नियमाप्रमाणे. शेवटी तिच्यापाशी. हॉलमध्ये पन्नास-साठ पोरं. त्यांना वाटत होतं डेमो चाललाय.
म्हटलं, "पुण्यात तुझं नाव घ्यायला हवं होतं. चुकलं माझं. हात ढिला होता वगैरे सगळं बहाणे. आणि लॉकबद्दल थँक यू राहिलं. उद्या माझ्याबरोबर खेळशील?" आणि पर्समधलं नवं लॉक पुढे केलं.
तिनं घेतलं नाही. वाकून माझ्या रोबोटची चेन बघितली, ते काळं लॉक अंगठ्यानं पुसलं.
"हे अजून चालतंय?"
"चालतंय."
"काढू नकोस मग ते." उभी राहिली. डोळे भरले होते तिचे, पण आवाज टीचरचा. "नकार द्यायचा हक्क आहे ना मला?"
"आहे. कारण पण सांगायला नको."
"मग उद्या सांगते. सोळा वर्षं तू घेतलीस, एक रात्र मला दे."
आयेशाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. डेमो चांगला झाला असं वाटलं त्यांना.
शबनम लासलगावची बस पकडायला गेली. तिचा रोबोट इथेच आहे. नवं लॉक त्याच्याशेजारी टेबलावर ठेवलंय, पाकिटासकट. लावलेलं नाही, ते तिचं तिनं ठरवावं. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात. दोन्ही.