लाऊचे चार क्वार्टर

८ डिसेंबर, सोमवार
लाऊ आला. पूर्ण नाव लाउतारो. आडनाव मला अजून जमलेलं नाही. अर्जेंटिनाचा, वय तेवीस, बास्केटबॉलवर पोट असलेला. नांदेडच्या आमंत्रितांच्या स्पर्धेसाठी आमच्या लातूरच्या क्लबानं एका एजंटमार्फत दीड महिन्यासाठी मागवला. राहायची सोय कोणी करायची यावर दोन मीटिंगा झाल्या आणि शेवटी कोच म्हणून माझ्याच माडीवरची खोली. आल्या आल्या चौकटीला डोकं आपटलं. आमचे हे भांड्याचं दुकान लवकर बंद करून आले आणि चौकटीला जुन्या उशीचा कापूस बांधून दिला. म्हणाले, "पाहुण्यापेक्षा दार बुटकं निघालं, काय करावं."

९ डि.
जेवणाचा प्रश्न. त्याच्या घरी रोज मांस, आमच्या लिंगायताच्या स्वयंपाकघरात अंडंही शिरलेलं नाही. हरभरे, शेंगदाणे, मुगाची उसळ, दह्याचा वाडगा. सगळं खाल्लं आणि भांडं उचलून मोरीत ठेवलं. तरी एवढ्या देहाला पुरणार कसं. स्टेशनरोडचा अंड्याचा गाडा दाखवून आणला. म्हटलं, "इथं खा. घरी सांगू नको." घरी आल्यावर हे वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "मला काहीच माहीत न्हाई."

१२ डि., शुक्र.
प्रॅक्टिसनंतर कोर्टाच्या कठड्यावर बसून सगळं सांगितलं. मोडकं इंग्रजी त्याचं आणि तसलंच माझं, त्यामुळे छान कळलं. दीड वर्षापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन. क्लबानं करार पुढे नेला नाही. तेव्हापासून कुठं महिना, कुठं दोन महिने. आता त्याच्या गावाजवळच्या एका क्लबात एक जागा आहे. मागणारे तिघं. क्लबाला तुकडे जोडलेला व्हिडिओ नको, तसले सगळेच पाठवतात. पूर्ण मॅच हवी, न कापलेली, चारही क्वार्टर खेळलेला. शेवटच्या पाच मिनिटांत गुडघा काय करतो तेवढंच त्यांना बघायचंय. पंधरा जानेवारीच्या आत.
म्हणजे नांदेडची फायनल. ४ जाने.
आपण फायनलला जाऊ का, हे त्यानं विचारलंच नाही. जाणारच असं धरून चाललाय. मीही धरून चाललेय.

१९ डि., शुक्र.
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. रेणापूरला नणंदेच्या शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. लाऊनं आंबील चार तांबे प्यायली. मी चौथ्याला रोखलं, कारण त्याला आंबिलीची झोप माहीत नाही. रोखून उपयोग झाला नाही. हरभऱ्याच्या रानात पाय लांब करून दीड तास घोरला. नणंद म्हणाली, "वैनी, ह्यो उठला न्हाई तर बैलगाडी लागंल."

२३ डि.
संध्याकाळी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल. तिकडं सकाळ. ती शाळेच्या भटारखान्यात काम करते. मला बघून भडाभडा बोलत सुटली, मीही मराठीतच बोलले. तिनं बोटं मोजून विचारलं, तुम्हाला किती? मी रिकामा हात हलवला. या वहीत हे कधी लिहिलं नव्हतं, कारण यात लिहिण्यासारखं काय. नाही तर नाही. ती काहीतरी म्हणाली. लाऊ लाजला. फार विचारल्यावर सांगितलं, "आई म्हणते, थोडे दिवस याला तुम्हीच ठेवा."
आता मला तो मॅडम म्हणत नाही. क्लबातली पोरं अक्का म्हणतात, त्यांचं ऐकून तोही तेच म्हणतो.

१ जाने.
सेमी जिंकलो. लाऊ तीनच क्वार्टर, मुद्दाम बसवला. पाय फायनलला ताजा हवा. आमचे अध्यक्ष बसवंतअप्पा खुश. "बाई, फायनलला आपल्या क्लबाकडून सत्कार दणक्यात झाला पायजे. यादी तुमीच करा, तुमच्याकडून कोणी सुटत न्हाई." केली. अकरा नावं. एकजण राहिला की वर्षभर तोंड फुगवून बसतो. सगळ्यात वर लाऊचं लिहिलं. फेटा मीच आणला, केशरी.

४ जाने., रवि.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.
सकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो, लाऊ रुमाल बांधून पंगतीत. तिथून ग्राउंडवर. वॉर्मअप झाला, पोरं घामानं भिजली, पाच मिनिटांत सुरू होणार होतं. प्रमुख पाहुणे नायगावच्या कार्यक्रमात अडकलेले. ते आले. मग दीप, मग नारळ, मग माझ्या यादीतल्या अकरा शाली, मग भाषण. दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध रांगेत. सगळं मिळून पाऊण तास.
लाऊ रांगेत पाय हलवत होता, जागच्या जागी उड्या मारत होता. फेटा डुलत होता, लोक हसत होते. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी जाऊन त्याचा दंड धरला आणि म्हटलं, नीट उभा राहा, पाहुणे बघतायत.
तो नीट उभा राहिला. मी सांगितलं म्हणून.
अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवतेय, घाम गार होऊ देऊ नका. शाळेत पी.टी.च्या तासाला मुली पाच मिनिटं उभ्या दिसल्या तर ओरडते.
पहिला क्वार्टर अप्रतिम खेळला. दुसऱ्यात, तीन मिनिटं झाली असतील, पळता पळता मांडीचा मागचा भाग धरला आणि बसला. गुडघा नाही, मांडी. पुढची सगळी मॅच बाकावर बसून. हरलो. व्हिडिओत अर्ध्याहून जास्त वेळ तो बर्फ लावून बसलेला दिसतो.

५ जाने.
परतीच्या बसमध्ये दोन सीट देऊन पाय लांब ठेवला. अहमदपूरला गाडी थांबली, सोबत आलेल्या यांनी उसाचा रस आणला. मी त्याला म्हटलं, चूक माझी. तो म्हणाला, "न्हाई अक्का." न्हाई हा शब्द तो इथंच शिकलाय. मी विचारलं, तुला माहीत होतं ना गार पडणार, मग हलायचं थांबलास कशाला? खांदे उडवले. "तुम्ही सांगितलं."
घरी येऊन मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घेतलं. हे बाहेरून म्हणाले, "झालं असंल तर च्या टाक." रागच आला. मग चहा टाकला.

७ जाने.
डॉक्टर म्हणाले, ताण हलका आहे, लागल्यापासून दहा दिवस मॅच नाही. ४ आणि १० म्हणजे चौदा. पंधराला मुदत संपते. डॉक्टरांना बोटांवर मोजून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, मी काय कॅलेंडर बदलू का?"
पण चौदा हाती आहे.

८ जाने.
चौदाला पूर्ण मॅच घ्यायची, पण आमचीच पोरं आमच्याच पोरांशी खेळली तर तिकडचा क्लब हसेल. समोर खरा संघ हवा. नांदेडच्या कॅप्टनला, हरदीपला फोन केला. ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांनाच. संक्रांतीच्या दिवशी लातूरला येणार का, तेही बक्षीस नसताना. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आएंगे मॅडम. लेकिन ढील नहीं देंगे." म्हटलं, दिली तर उपयोगच नाही.

११ जाने.
लाऊ हळू पळाला. मांडी बोलत नाही म्हणतो. खरं सांगतोय का ते कळेना, खेळाडू खोटं बोलतात, मीही बोलायची. त्याला तिरकं पळवलं, मागे पळवलं, चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरा साफ होता. यांना स्टँड लावून मोबाईलवर शूटिंग शिकवतेय. एकच अट, बोलायचं नाही. सरावाच्या व्हिडिओत दहा मिनिटं "आरं आरं आरं" ऐकू येतं.

१४ जाने., संक्रांत
सकाळी साडेआठ. शाळेमागचं सिमेंटचं कोर्ट. हरदीपची गाडी वेळेवर. वॉर्मअप चालू असताना फाटकातून बसवंतअप्पा, हातात शाल अन् नारळ, मागे दोघं सदस्य.
"बाई, त्या दिवशी पोरगं नाराज झालं. आज दोन मिनिटं."
"आज शाल न्हाई अप्पा."
"अवो दोनच मिनिटं, सणाचा दिवस हाय."
"आधी मॅच. बसा तुमी."
अठ्ठावीस वर्षांत त्यांना बसा असं मी कधी म्हटलेलं नाही. सगळी पोरं बघत होती. अप्पा बसले, नारळ मांडीवर घेऊन. मी शिट्टी दिली.
हरदीपनं शब्द पाळला. ढील नाही. लाऊला दोघं दोघं चिकटले, दोनदा आडवा केला. तिसऱ्या क्वार्टरला तो मांडीवर हात ठेवून वाकला आणि मी रेषेपर्यंत धावले, पण तो बूट बांधत होता. शेवटची पाच मिनिटं मी स्कोअर बघितलाच नाही, नुसता गुडघा. वळला, उडी मारली, उतरला, पुन्हा उडी. शेवटच्या मिनिटाला इथून तिथपर्यंत पळून एक बॉल अडवला.
दोन गुणांनी हरलो. लाऊ हसत होता, हरदीपला मिठी मारून. मग तिळगूळ.
शूटिंग करताना हे एक शब्दही बोलले नाहीत. फक्त शेवटी कॅमेरा थोडा हललाय.
दुपारी व्हिडिओ गेला. अप्पा नारळ घेऊन निघून गेले. शाल खुर्चीवर राहिली.

१५ जाने.
अप्पांचा निरोप आला, पुढच्या वर्षी कोच तरुण बघायचा विचार आहे. बघा म्हटलं. वाईट वाटलं, वाटणारच. पण तसाच प्रसंग आला तर अप्पांना पुन्हा बसवीन.

१७ जाने., शनि.
लाऊ गेला. तिकडच्या क्लबाचं उत्तर नाही. हातावर दही दिलं, यांनी कपाळाला भस्म लावलं, त्यानं त्यावरच आपला क्रॉस काढला. रिक्षात पाय मावेनात. निघताना म्हणाला, "नाही घेतलं तर मी इकडं येतो. मुलांना शिकवतो. खोली ठेवा."
हे म्हणाले, "खोली कुठं जातीय."
रिक्षा वळल्यावर हे दुकानात गेले, शनिवारची गर्दी असते म्हणून. जेवायलाही आले नाहीत.

२० जाने., मंगळ.
लाऊचा मेसेज. व्हिडिओ पूर्ण बघितला म्हणे, शेवटपर्यंत. तिघांतले दोघं बोलावलेत, त्यात हा आहे. उद्या समोर पळवून बघणार, त्यांचा डॉक्टर गुडघा तपासणार, मग ठरणार. खाली आईनं काहीतरी लिहिलंय, त्यातलं अक्का तेवढं वाचता आलं.
संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात आलं, नाही घेतला तर येईल इकडं. वरच्या खोलीत. सकाळी पाच वाजता जिन्यावर धडधड उतरेल. आणि मला बरं वाटलं, अगदी छान वाटलं. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा कळलं मी काय मागतेय. पोराचं सगळं त्या गुडघ्यावर, आणि मी दिव्यापुढे उभी राहून तो नापास व्हायची वाट बघतेय.
दुसरी काडी ओढली. हात जोडले आणि या वेळी सरळ मागितलं. त्याला घेऊ दे. त्याला तिथंच राहू दे. इकडं येऊ देऊ नको, हेही म्हणाले.