शुक्रवारची कॅज्युअल

३ तारीख, सोमवार
आजपासून तोंडाला कुलूप. नातीच्या कपड्यांवर अवाक्षर काढणार नाही. पोरीची नोकरी टांगणीला लागलीय. या आठवड्यात मोठे साहेब कधीही बोलावतील आणि ठरवतील, पर्मनंट करायची की घरी पाठवायची. ऑफिसातल्या मॅडमने बजावलंय, रोज फॉर्मल घाल. म्हणजे काळी पँट, पांढरा शर्ट. मी एवढंच म्हटलं, हातात ट्रे द्यायचा तेवढा राहिला. सून म्हणाली, कुलूप लावलं पण किल्ली बाहेरच राहिली.

४ तारीख, मंगळवार
नात म्हणाली, आजी, शर्टाचं वरचं बटण तुटलंय, तेवढं लावून दे. तेवढंच, असं दोनदा म्हणाली. बटण काय, चुटकीसरशी लावीन. पण काळी पँट मागून पाहिली. जमीन झाडत चालते पोरगी. मी म्हटलं, साहेब माणूस आधी पाय बघतो. आमचे हे जन्मभर ऑफिसात होते, मला विचारा. शिपाई होते, पण दाराशी बसून पायच तर बघायचे.

५ तारीख, बुधवार
नात फोनवर मैत्रिणीला सांगत होती, शुक्रवारी कॅज्युअल आहे, टेन्शन नाही. बरं झालं. कॅज्युअल म्हणजे सुट्टी. ह्यांनी ढिगाने घेतल्या, दर वेळी माझ्या आईला मारून. म्हणजे उद्या संध्याकाळपासून पँट मोकळी. पोरीला सांगायचं नाही. बघेल तेव्हा गळ्यात पडेल.

६ तारीख, गुरुवार, संध्याकाळी
पँट कापली. डावा पाय जरा आखूड झाला. उजवा त्याच्या बरोबरीला आणला, तर तो आखूड. कापडच खोटं. आता दोन्ही सारखे आहेत. नडगीवर. हवा लागेल.
बटण उद्या. सुट्टीच आहे.

७ तारीख, शुक्रवार, सकाळी
घात झाला. मेसेज आला म्हणे, कॅज्युअल कॅन्सल, मोठे साहेब आजच भेटणार. लोकांच्या सुट्ट्या रद्द करणारे कसले मेले साहेब! नात म्हणाली, आजी, कॅज्युअल म्हणजे जीन्स. सुट्टीला जीन्स म्हणतात हे मला कोण सांगणार?
काळी पँट एकच. बघून रडली नाही, ओरडली नाही. पँट घडी करून कपाटात ठेवली. ते वाईट. सुनेने स्वतःची पँट दिली. ढगळ. घरातल्या होत्या नव्हत्या त्या पिना कमरेला लागल्या. मी म्हटलं, ताठ चाल, खाली कोण बघतंय? सून म्हणाली, मंगळवारी तर साहेब आधी पाय बघत होते. जीभ बघा बाईची.
दुसरा शर्ट ओला होता. बिनबटणाचाच घालून गेली.

शुक्रवार, संध्याकाळी
साहेब आलेच नाहीत. कॉम्प्युटरवर दिसले. त्यात माणूस छातीपर्यंतच दिसतो. पँट कुणी बघितलीच नाही. उत्तरं सगळी बरोबर दिली पोरीने, पण गळा उघडा पडतो म्हणून सारा वेळ कॉलर मुठीत धरून बसली. साहेब म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण घाबरट. आणखी तीन महिने बघू.
मी घाबरट नाही, नात म्हणाली. मला नाही. भिंतीला.

१० तारीख, सोमवार
पहाटे उठून बटण लावलं. दुहेरी दोरा. हत्ती बांधला तरी तुटायचं नाही. पोरगी घाईत घालायला गेली तर डोकं आत जाईना. शर्टाची पाठही बटणाला शिवली गेली होती. हल्लीचं कापड फार पातळ.
नातीने दोरा कापला, शर्ट घातला, आणि माझी कात्री पर्समध्ये टाकून ऑफिसला गेली.